चिमणीवर ठेवलेलं बोट

गल्लीत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि पाठीमागेही. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट थोडं बरंच वाटायचं. पालिकेच्या हवा केंद्रात ती नोकरीला होती. केंद्र म्हणजे जुन्या पाण्याच्या टाकीला टेकून बांधलेल्या दोन खोल्या. गच्चीवर टोप्या घातलेल्या नळ्या, आणि त्या नळ्यांतून दिवसरात्र हवा ओढणारे पंप. टोप्या पुसायच्या, गाळणकागद बदलायचे, पंप कुरकुरायला लागला की उघडून साफ करायचा आणि आलेले आकडे साहेबांकडे पाठवायचे, एवढं तिचं काम. शहराच्या हवेत किती काजळी आहे ते तिच्या गच्चीवरून कळायचं.

काम साधं, पण तिचा तोरा मोठा. माहेरात विज्ञानाची पदवी घेणारी ती पहिली होती. "डोळ्यांना काय, काहीही दिसतं. मोजलं ते खरं," हे तिचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्याच्या काट्याकडे ती अशा नजरेनं बघायची की तो बिचारा न सांगता दोन मिरच्या जास्त टाकायचा. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर शिंकायचीही चोरी. किती जोरात शिंकलो ते सांगेल."

त्याच गल्लीच्या टोकाला तिच्या नणंदेची लाँड्री होती. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानं मागे सोडलेल्या दोन मोडक्या यंत्रांवर तिनं धंदा उभा केला होता. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिच्याकडे यायचं. मागच्या अंगाला बॉयलर होता. लाकडाचे तुकडे आणि भुसा घालून तो उजाडायच्या आत पेटवायचा, म्हणजे कामाच्या बायका येईपर्यंत पाणी उकळतं. त्याची उंच काळी चिमणी केंद्राच्या गच्चीवरून समोरच दिसायची.

यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून नणंदेचा आवाज एवढा चढला होता की ती कानात कुजबुजली तरी शेजारच्यांना ऐकू जायचं. आणि जिभेला हाड नव्हतं. मोजणीबाई कामावरून येताना दिसली की लाँड्रीच्या दारातून हाक यायची, "काय वहिनी, आज हवा किती किलो भरली?" कामाच्या बायका खळखळून हसायच्या. एका वर्षी केंद्राकडून मोजणीबाईला चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. घरात चार पाहुणे जमले होते. नणंद प्रशस्तिपत्र हातात घेऊन म्हणाली, "हवेत गोळ्या मारायचं बक्षीस असतं हे मला आजच कळलं बाई!" सगळे हसले. मोजणीबाईही हसली. पण ते हसू तिच्या घशाखाली उतरलं नाही.

त्यातून सासूचा जीव लेकीत. सासू मोजणीबाईकडेच राहायची, तिचं औषधपाणी, पथ्य, अंघोळ सगळं मोजणीबाई करायची. म्हातारीला दमा होता. पण संध्याकाळी नणंद पाच मिनिटं डोकावली की म्हातारीचा चेहरा असा उजळायचा, की दिवसभर केलेलं सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटायचं. नणंद यायची, भांड्यावरचं झाकण उचलून बघायची, आईच्या केसांतून हात फिरवायची, दोन विनोद करायची आणि जायची. म्हातारी म्हणायची, "पोरगी राबते गं माझी." राबणारी दुसरी समोरच उभी असायची, ती म्हातारीला दिसायची नाही.

हे काही मोठं वैर नव्हे. घरोघरी असतं तेवढंच. पण ते मनात होतं, आणि पुढे जे घडलं त्यात ते होतं.

त्या वर्षीचा हिवाळा वाईट गेला. सकाळी दार उघडलं की नाकात धुराचा वास. वाळत घातलेल्या कपड्यांवर बोट फिरवलं तर बोट काळं. लहान मुलं खोकत, म्हातारी माणसं बिछान्यात उठून बसत. मोजणीबाईच्या सासूला तर दोन उशा पाठीशी घेऊनही आडवं होता येईना. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा पालिकेनं शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. साहेबांना ऐन वेळी दुसरीकडे जावं लागलं, म्हणून आकडे दाखवायला मोजणीबाईलाच उभं केलं.

तिनं आलेख आणला होता. खरं म्हणजे तिच्याकडे अख्ख्या दिवसाचा आलेख होता. त्यात काजळी दिवस मावळल्यापासूनच चढायला लागायची, रात्रभर चढत राहायची, उजाडताना शिखरावर जायची आणि ऊन तापलं की खाली यायची. पण सगळं दाखवलं तर लोक गोंधळतात, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि फक्त सकाळचा तुकडा मोठा करून भिंतीवर लावला. त्या तुकड्यात एकच गोष्ट दिसत होती. उजाडायच्या सुमाराला काजळीचा डोंगर.

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, त्या वेळेला असं पेटतं तरी काय?"

तिनं समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत नणंद बसली होती. कामावरून तशीच आली होती, बाह्या वर सारलेल्या, पाण्यात राहून पांढरे पडलेले हात मांडीवर. मोजणीबाई म्हणाली, "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण चिमणी काही लपून राहत नाही."

आणि तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून चिमणी दिसत होती.

सभागृहात आधी हशा झाला आणि मग टाळ्या. नणंदेला हसणारे चारचौघात कधी कुणी पाहिले नव्हते. आज पहिल्यांदा ती गप्प होती आणि लोक हसत होते. मोजणीबाईच्या अंगावरून एक गोड शिरशिरी गेली. खोटं कशाला सांगा, त्या रात्री तिला झोप छान लागली.

पालिकेची माणसं आली आणि बॉयलरला सील ठोकून गेली. इस्पितळानं थोडे दिवस वाट पाहिली, मग चादरी दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. कामाच्या बायका एकेक करून गेल्या. नणंदेनं भांडण केलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. जिच्या तोंडाला गल्ली घाबरायची, ती एक शब्द बोलली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी लाँड्री होती, तिथे ती इस्त्रीच्या रोलरवर नोकरीला लागली. मालकीण होती, ती कामगार झाली. भावाच्या घरी यायची, पण आईजवळ बसायची नाही. दाराशी उभी राहून विचारायची, "आज कशी आहेस?" आणि निघायची. म्हातारी हात पुढे करायची. लेक दाराच्या आत यायची नाही.

हिवाळा सरता सरता म्हातारी गेली. दम्याच्या एका मोठ्या झटक्यात गेली. नणंद आली, भिंतीला पाठ लावून बसली. रडलीसुद्धा नाही. मोजणीबाईला तेव्हा वाटलं, किती कोरडी बाई ही.

पुढचा हिवाळा आला, आणि बॉयलर बंद असूनही सकाळचा धूर होता तसाच आला. गाळणकागद तसेच काळे. मोजणीबाईनं ते रोज स्वतःच्या हातानं बदलले आणि रोज स्वतःला काहीतरी सांगितलं. बाहेरून वारा आणत असेल. यंदा थंडी जास्त आहे. लोकांनी विचारलं तर "हवेचं गणित सोपं नसतं" एवढं म्हणून ती पुढे जायची.

त्याच सुमाराला विद्यापीठातून एक सर आले. वयस्कर, पाठीत थोडे वाकलेले, सतत काहीतरी गुणगुणणारे. बरोबर टेम्पोतून एक भलंमोठं पिंप आणलं होतं, त्याला नळ्या, पंखा आणि मोजणीचं खोकं. साहेबांनी त्यांना गच्चीवर जागा दिली आणि मोजणीबाईला मदतीला दिलं.

"हे काय मोजतं?" तिनं विचारलं.

"रेडॉन. जमिनीतून निघणारा वायू. किरणोत्सारी असतो."

मोजणीबाई दोन पावलं मागे सरली. सर हसले. "अहो, पळताय कुठे? तुम्ही जन्मल्यापासून तोच श्वासात घेताय. मी काही आणलेला नाही तो, मी फक्त मोजतो. दगडमातीत आहे, मातीच्या फटींतून वर येतो. रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत इतका थोडा असतो की कुणाला पत्ता लागत नाही. कोंडलेल्या तळघरात साचला तर मात्र वाईट."

"मग त्याचा आणि धुराचा संबंध काय?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे." सर पिंपाच्या कडेवर हात ठेवून रंगात आले. "चूल पेटवा, गाडी चालवा, कारखाना काढा, रेडॉन एक कणभर वाढत नाही. जमीन त्याला दिवसरात्र जवळजवळ सारखाच सोडते. मग हवेत तो कधी जास्त, कधी कमी का सापडतो?"

ती विचार करू लागली. सर थांबले नाहीत. "दिवसा ऊन पडतं, जमीन तापते, खालची हवा वर जाते, वरची खाली येते. घुसळण होते. मग वायू पार उंचापर्यंत पांगतो, आपल्याला थोडाच मिळतो. ऊन गेलं की जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते. वर झाकण पडल्यासारखं होतं. जमीन वायू सोडतच असते आणि तो त्या झाकणाखाली साचत जातो. पहाटेपर्यंत साचतो. ऊन तापलं की झाकण उडतं. म्हणजे रेडॉन मोजला की झाकण कधी पडलं आणि किती खाली होतं, ते कळतं. धुरावरून ते कळत नाही, कारण धूर आपण कमीजास्त करतो. रेडॉन कुणाचं ऐकत नाही."

दिवस मावळल्यापासून चढतो, पहाटे शिखरावर, ऊन तापलं की खाली. हा आकार मोजणीबाईनं कुठे पाहिला होता ते तिला नीट माहीत होतं.

थोड्याच आठवड्यांत सरांनी दोन रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. एक रेडॉनची, एक काजळीची. सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. सर खूश होते. "बघा, पहाटे कुणी काही वेगळं पेटवत नाही. पेटवलं असतं तर काजळी वाढली असती आणि हा वायू जागच्या जागी राहिला असता. इथे दोघं हातात हात घालून चढतात. धूर संध्याकाळचाच आहे. इथे बघा, दिवेलागणीला, इथे मात्र काजळी एकटीच उसळते. घरोघरच्या शेगड्या, गल्लीत पेटवलेला कचरा, बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रक. थोडाथोडा सगळ्यांचा. तोच रात्रभर झाकणाखाली दाटत जातो. आणि मागच्या हिवाळ्याचे तुमचे आकडेही हुबेहूब याच आकाराचे आहेत."

मग चष्मा पुसत ते सहज म्हणाले, "इथे मागे कुणीतरी पहाटेच्या एका चिमणीवर बोट ठेवलं होतं म्हणे. बंदच पाडलं बिचारीला. कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळ्यालाच धरलं. कोण होता हो तो शहाणा?"

मोजणीबाईच्या हातात गाळणकागदांचा गठ्ठा होता. ती त्याच्या कडा जुळवत राहिली. "असेल कुणीतरी," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिला नंतर सभेतल्या वाक्याहून जास्त बोचले. सभेत निदान तिला खरं माहीत नव्हतं.

"त्या चिमणीचा धूर नव्हताच का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. कुठेतरी थोडा आधार मिळावा म्हणून.

"होता की. धूर होता म्हणजे वाटा होता. पण पातेलंभर पाण्यात चमचाभर. चमच्याला फाशी दिली आणि पातेलं तसंच ठेवलं."

त्या दिवसापासून मोजणीबाई घरी यायची ती गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं, लांबून वळसा घालून. बंद लाँड्रीच्या दारावरून जाणं तिला जमेना. त्या दारावर कुलूप होतं आणि कुलपावर तिच्या गच्चीवरच्या टोप्यांसारखीच काजळी बसलेली होती.

नणंदेला सांगायला हवं, हे कळत होतं. एका सुट्टीच्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलीही. मोठी लाँड्री होती, वाफेनं भरलेली. दारातून तिला नणंद दिसली. रोलरवर ओल्या चादरी सरकवत होती. वयानं निम्मी असलेली एक मुकादमीण तिच्या मागे उभी राहून म्हणत होती, "कोपरे! कोपरे नीट धर. किती वेळा सांगायचं?" आणि जिच्या आवाजानं गल्ली दणाणायची ती बाई मान खाली घालून म्हणाली, "हो. धरते."

मोजणीबाई आली तशी परत फिरली. बसमध्ये बसून तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. उद्या सांगू, ती म्हणाली. नीट शब्द सापडले की सांगू. पण लाज मोठी चिवट असते. तिला उद्या दिला की ती परवा मागते. आठवडा गेला, दुसरा गेला. नवऱ्यालाही ती बोलली नाही. जेवताना तो म्हणाला, "ताईचा हात भाजलाय म्हणे रोलरवर. भेटून येऊ का?" तर ती म्हणाली, "या तुम्ही." आणि उठून भांडी घासायला गेली.

तेवढ्यात सरांनी आपलं काम लोकांसमोर मांडायचं ठरवलं. तेच सभागृह. मोजणीबाईला चित्रं पुढेमागे सरकवायला बसवलं होतं. सरांना लोकांशी बोलायची हातोटी होती. झाकण, पातेलं, चमचा, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. लोक माना डोलावत होते. आणि मग एका किराणावाल्यानं उठून विचारलं, "म्हणजे सर, त्या लाँड्रीमुळे नव्हतं?"

"नाही."

मग एक आवाज आला, "पण मोजणीबाईंनीच तर दाखवलं होतं भिंतीवर!" सगळ्या माना वळल्या. मागच्या वर्षी टाळ्या वाजवणारे तेच हात, तीच तोंडं. एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरचं भांडण गावाच्या हवेत सोडलं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं, तो शहाणा कोण ते. त्यांचा चेहरा पडला, आणि ते तिला रागावण्याहून वाईट वाटलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. पण जमीन तसं कधी करत नाही. ती उभी राहिली. "हो, मी दाखवलं होतं," ती म्हणाली. "अख्खा आलेख माझ्याकडे होता. मी तुकडाच दाखवला." ती खाली बसली आणि पुढचं चित्र लावलं, कारण तेच तिच्या हातातलं काम होतं.

गल्लीतल्या बातमीला पाय असतात. मोजणीबाई वळसा घालून घरी पोचायच्या आत ती नणंदेपर्यंत पोचली होती. अंधारून येताना दार वाजलं. नणंद आत आली. एका हाताला पट्टी होती. ती बसली नाही.

"खरं आहे?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"खरं आहे, ताई."

"माझ्या धुरानं नव्हतं?"

"तुमचा थोडा होता. सगळ्यांचा होता. आपल्या घराचाही."

"मग आई?"

मोजणीबाईला प्रश्न कळला नाही. नवऱ्याला कळला. तो हातातला पेला तसाच धरून बहिणीकडे बघत राहिला.

नणंद म्हणाली, "तू सभेत बोललीस तेव्हा मला राग आला होता. घरी येऊन तुला शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या. मग रात्री तुमच्या दाराशी आले आणि आईचा श्वास ऐकला. घरघर चालली होती. मला वाटलं, वहिनी मोजते. मी चेष्टा करते, पण ती मोजते. तिनं मोजलंय म्हणजे खरंच असणार. म्हणजे रोज पहाटे मी बॉयलर पेटवते आणि माझ्या आईच्या छातीत ते जातं. म्हणून आत येत नव्हते मी. माझ्या अंगाला, कपड्यांना अजून तो वास असेल म्हणून. ती गेली तेव्हा मी रडू कशी? मारणाऱ्यानं रडायचं का?"

मोजणीबाईला आठवली ती दाराबाहेर थांबणारी बाई आणि पुढे केलेला म्हातारीचा हात. जिला तिनं कोरडी म्हटलं होतं.

"ताई, आई तुमच्यामुळे नाही गेल्या," ती कशीबशी म्हणाली. "त्यांचा आजार जुना होता. आणि ती हवा..."

"तुला हे कधी कळलं?"

आता खोटं बोलायची सोय होती. आजच कळलं, सरांनी आजच सांगितलं. नणंदेनं विश्वासही ठेवला असता, कारण वहिनी मोजते यावर तिचा अजून विश्वास होता. मोजणीबाई म्हणाली, "महिना होऊन गेला."

नणंदेनं मान हलवली. हळूहळू, जणू एखादं जड गाठोडं कुठे ठेवायचं ते शोधत होती. "महिनाभर," ती म्हणाली. "महिनाभर मी रोज रात्री आईला मारत होते, आणि तुला माहीत होतं."

"मला लाज वाटली, ताई. तोंड दाखवायची लाज वाटली. मी आले होते तिकडे. तुम्हाला बघून परत गेले."

"लाज तुला वाटली आणि झोप माझी गेली. चांगला हिशोब आहे." मग ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, जुन्या आवाजात. "तेव्हा तरी का बोललीस? खात्री नव्हती तर का बोललीस?"

"तुम्ही मला हसायचात," मोजणीबाई म्हणाली. हे एवढंसं कारण तोंडातून बाहेर आलं तेव्हा इतकं किरकोळ वाटलं की तिचे कान तापले. "सगळ्यांदेखत हसायचात. मला वाटलं, एकदा तुम्हालाही लोक हसू देत. आणि मला बरं वाटलं होतं, ताई. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं."

नणंद आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे आईचा पलंग होता, आता त्यावर घड्या केलेल्या गोधड्या ठेवलेल्या होत्या. ती आत गेली आणि त्या गोधड्यांवर डोकं टेकून रडली. वर्षभर तुंबलेलं असावं, तसं रडली. मोजणीबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत जायचा तिला हक्क वाटला नाही. नवरा आत गेला आणि बहिणीच्या पाठीवर हात ठेवून बसला. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

बॉयलरचं सील निघावं म्हणून मोजणीबाईनंच खेटे घातले. पालिकेत ज्या टेबलावर जाईल तिथे तिला विचारत, "तेव्हा तुम्हीच ना त्या?" आणि ती म्हणायची, "हो, मीच ती." सरांनी नणंदेच्या बाजूनं मत दिलं. मध्यंतरी एकदा ते गच्चीवर तिला म्हणाले, "मी त्या दिवशी शहाणा म्हणालो, ते..." ती म्हणाली, "बरोबरच म्हणालात," आणि पंप उघडून बसली. सील निघालं तेव्हा बॉयलरचा तळ गंजून गेला होता. इस्पितळाच्या चादरी परत आल्या नाहीत, दुसऱ्याकडे गेलेलं काम कोण परत देतं? नणंदेनं एक जुनं गॅसवरचं यंत्र आणलं, एका बाईला कामावर बोलावलं आणि हॉटेलांच्या टॉवेलांवर दुकान उघडलं. पूर्वीच्या मानानं काहीच नव्हतं ते. पण दार उघडं होतं.

सुट्टीच्या दिवशी मोजणीबाई तिथे जाऊ लागली. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या खेपेला नणंद म्हणाली, "इथे तुझं काम नाही." दुसऱ्या खेपेला काहीच म्हणाली नाही. तिसऱ्या खेपेला एक मोठी चादर तिच्याकडे टाकली, कारण चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी दोन टोकं धरून ताणायच्या, झटकायच्या, चार पावलं पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायच्या. त्या वेळी चेहरे अगदी जवळ यायचे. मोजणीबाई दर वेळी नजर खाली घालायची. गिऱ्हाईक आलं की ती मागच्या बाजूला सरकायची, कारण गल्लीतली माणसं दोघींना एकत्र बघून अजून थबकायची आणि काहीतरी बोलण्यासारखं तोंड करायची.

नणंदेनं माफ केलं असं कधी म्हटलं नाही. हवा किती किलो भरली, हेही पुन्हा कधी विचारलं नाही. मोजणीबाईला वाटायचं, विचारावं. एकदा तरी सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारावं.

एका दुपारी घड्या घालताना नणंद म्हणाली, "तो तुमचा जमिनीतला वायू, तो आईच्या खोलीतही असेल ना? तळमजला आहे. एकच खिडकी, तीही आपण थंडीमुळे बंद ठेवायचो."

मोजणीबाईच्या हातातला कोपरा सुटला. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. ती वर्षानुवर्षं त्या खोलीत औषधं देत होती, आणि खिडकी तीच बंद करायची.

"असेल," ती म्हणाली. "किती ते मला माहीत नाही. त्यानं दमा होत नाही, एवढं सर म्हणतात. पण तेही मी त्यांना पुन्हा विचारते."

"बघ मोजून."

"बघते. सरांकडे लहान यंत्र आहे, ते मागते. निदान थोडे महिने तरी ठेवावं लागेल, मगच काही सांगता येईल."

"ठेव की मग," नणंद म्हणाली. "आणि तो कोपरा उचल आधी. फरशीला लागतोय."